उजवीच घ्या, डाक्टर

“उजवीच घ्या, डाक्टर. डाव्या हातानं मी आजवर कुणाला पानसुद्धा दिलं न्हाई. लेकीला काय देऊ?”

आईचा हा आवाज एकोणीस वर्षांपूर्वीचा. मिरजेच्या एका इस्पितळात, पहिल्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत तो उमटला. टेबलापलीकडे डॉक्टर मगदूम होते, त्यांच्या हातात आईच्या पोटाचे काळे-पांढरे फोटो. अलीकडे आम्ही तिघी : आई, थोरली बहीण शालन आणि मी. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यंत्राला जोडून घ्यायचं आणि उरलेले दिवस पाणी मोजून प्यायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. माझ्या नवऱ्याचा, महादेवचा, रक्तगट जुळला नाही. शालनला साखर निघाली. आईचं सगळं जुळलं.

डॉक्टरांनी फोटोवरून नजर उचलली. क्षणभर आईकडे पाहिलं, समोरच्या कागदाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “बरं मावशी. उजवी.”

आईचा चेहरा असा उजळला, जसं काही मुलाकडच्यांनी तिची अट मान्य केली.

“किडनी हाय ती आई,” शालन म्हणाली, “हळदीकुंकू न्हवं.”

“तू गप. हळदीकुंकू काय अन् हे काय. द्यायचं ते उजव्या हातानंच द्यायचं.”

डॉक्टरही हसले. मी मात्र हसले नाही. आई हे माझ्यासाठी म्हणते आहे, डॉक्टरांसाठी नाही, हे मला कळलं होतं.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांचं. शेवरीच्या उंच झाडांवर पानवेली चढवलेल्या, आत गेलं की भर दुपारी हिरवा अंधार आणि पायाखाली थंडगार ओल. आईला गावात फार मान. शिक्षणाचा नाही, पैशाचा तर नाहीच नाही, तिच्या हातगुणाचा. नवा मळा घालायचा असला की पहिला वेल तिच्या हातानं लावायचा, हे ठरलेलं. तिनं लावलेली कांडी वाळली असं कुणी ऐकलं नव्हतं. वेल लावताना ती तोंडातल्या तोंडात ओवी म्हणायची :

माझ्या दारी पानयेल, दोन फुटलं धुमारं
एक मांडवाच्या म्होरं, एक गेला बांधापार

बांधापार गेलेला धुमारा मी. सात वर्षांची होते तेव्हा मला चिकोडीला आत्याकडे ठेवलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिनं भावाकडे एक लेक मागितली आणि भावानं दिली. शालन घरी राहिली, मी गेले. आत्यानं काही कमी केलं नाही. दूध, दप्तर, रिबिनी, सगळं. पण सुट्टीला गावी आले की माझ्या बोलण्यात कानडी हेल असायचा आणि शालन सगळ्या गल्लीसमोर माझी नक्कल करायची. आई चुलीपुढे पाठमोरी हसायची. ते हसणं मी कितीतरी वर्षं पाठीवरून ओळखत होते.

लग्न ठरलं तेव्हा एकदा मी तिला बोलून गेले होते. “तू दोघींत डावं-उजवं केलंस. मी तुझी डावी लेक.” तिनं उत्तर दिलं नव्हतं. हातातलं पान तिनं पुसलं, पुन्हा पुसलं आणि डालग्यात ठेवलं.

म्हणून त्या खोलीत ती ‘उजवीच घ्या’ म्हणाली तेव्हा मी मान खाली घातली. मला वाटलं, ही उत्तर देते आहे. दहा वर्षांनी देते आहे, आणि मी जे विचारलं होतं ते सोडून भलत्याचंच देते आहे.

*

ऑपरेशन चांगलं झालं. नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, पोटात खाली उजवीकडे, मांडीच्या वरच्या अंगाला बसवतात, हे मला तेव्हा कळलं. तिथं हात ठेवला की एक टणक गोळा लागायचा. बाराव्या दिवशी मला सोडलं. महादेवनं इस्पितळाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तीन महिने जवळच राहायचं असा डॉक्टरांचा हुकूम होता. महादेव एसटीच्या डेपोत कामाला, तो संध्याकाळी यायचा. दिवसभर आई आणि शालन. आईच्या कुशीत अजून टाके ओढत होते, तिला जड काही उचलायचं नव्हतं. ती नुसती बसायची आणि हुकूम सोडायची, आणि शालन राबता राबता तिला टोमणे मारायची.

“दोन पेशंट अन् एक मोलकरीण. एकीनं दिली, एकीनं घेतली, मधल्या मधी माझी कंबर गेली.”

“तुला कुणी बांधून ठेवलंय? जा की नवऱ्याकडं.”

“जाते. मग रंजीला पथ्याचं कोण करून घालंल? तू? तुझ्या भाजीत मीठ असतंय का मिठात भाजी, ते आधी ठरव.”

अशी सगळी मजा. रोज संध्याकाळी आई माझ्या खाटेवर टेकायची, उजवा तळवा माझ्या पोटावर त्या गोळ्यावर ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी.

“काय गं, नांदतीस का नीट? सासर हाय हे. भांडू नगंस. पडतं घे.”

मला हसू यायचं आणि टाक्यांना हिसका बसायचा. तिचा तळवा पानं हाताळून मऊ झालेला, कायम थोडा गार. तो तिथं असेपर्यंत मी डोळे मिटून पडायची. इतका वेळ तिनं मला कधी हात लावला होता, ते आठवून पाहायची. आठवायचं नाही.

पाचव्या आठवड्यात पाय सुजले. आधी शालनला वाटलं, मी मीठ चोरून खाल्लं. मग डोकं ठणकायला लागलं, लघवी कमी झाली. रक्तदाब मोजला तर एकशे नव्वद. लगोलग इस्पितळात दाखल.

डॉक्टर मगदूमांनी स्टेथोस्कोप छातीला लावलाच नाही. पोटाच्या उजव्या बाजूला, टाक्यांच्या शेजारी टेकवला आणि डोळे मिटून घेतले. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

“इथं आवाज येतोय,” ते म्हणाले.

“कसला?” शालन.

“अरुंद वाटेनं जोरात पाणी निघालं की येतो, तसला.”

मग सोनोग्राफी झाली, औषध घालून रक्तवाहिन्यांचे फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तो फोटो घेऊन वॉर्डात आले, माझ्या खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी बोट ठेवून दाखवलं. माझ्या मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला त्यांनी आईच्या किडनीची धमनी जोडली होती. जोड बरोबर होता. पण जोडाच्या पुढं ती धमनी वळली होती आणि वळली तिथं दबली होती.

“किडनी चांगली आहे. तिला रक्त पोचत नाहीय,” ते म्हणाले. “ती उपाशी आहे, म्हणून शरीराला ओरडून सांगते, दाब वाढवा, दाब वाढवा. म्हणून हे सगळं.”

आई पुढं झाली. फोटोकडे तिनं खूप वेळ पाहिलं.

“येल उतरिवताना व्हतंय, तसं झालंय की.”

“म्हणजे?” डॉक्टरांनी विचारलं.

“येल लई उंच गेला की आम्ही खाली उतरिवतो. लांबलचक येल असतोय, तो गोल वळवून बुडाशी मातीत घालायचा. घाई केली की पिळा पडतो. पिळ्याच्या म्होरं पाणी जात न्हाई. शेंडा मान टाकतोय.”

“अगदी तेच,” डॉक्टर म्हणाले. इतकं नेमकं कुणी समजून घेतलं याचा त्यांना आनंद झालेला दिसला. “लांबी जास्त झाली की पीळ बसतो. उजव्या किडनीची धमनी मुळात लांबच असते मावशी, सगळ्यांचीच. आणि शीर आखूड. किडनी शिरेपाशी ओढली जाते आणि धमनी जास्तीची उरते.”

आई म्हणाली, “उजवीची लांब असती व्हय?”

“हो.”

“आन् डावीची?”

“डावीची आखूड. शरीराची रचनाच तशी आहे.”

मग ते माझ्याकडे वळले. फुगा घालून रुंद करून पाहिलं तर पीळ तसाच राहील, म्हणाले. पुन्हा पोट उघडावं लागेल, जास्तीचा तुकडा कापून परत जोडावं लागेल. जोडेपर्यंत किडनीचं रक्त बंद. उशीर लागला तर किडनी जाऊ शकते. मग ती काढूनच टाकावी लागेल. परवा सकाळी घेऊ. हे सगळं ते शांतपणे सांगत होते आणि मी ऐकत होते. आई ऐकत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

डॉक्टर गेले. शालनला मला काही बोलता येईना, म्हणून ती आईवर उलटली.

“तरी मी म्हणत हुते. हळदीकुंकू हाय का हे? डाक्टर मुकाट घेत हुता ती घेऊ द्यायची. तुझ्या डाव्या-उजव्यापायी बघ काय झालं!”

“शालन,” मी म्हणाले.

“शालन काय शालन! पोरीचं परत पोट फाडायचं हाय. आन् ती गेली तर दुसरी कुठनं आणायची? हिच्याकडं एकच उरली!”

आई पदराखाली हात घेऊन बाहेर गेली. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होतं, त्यावर बसली. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या खाटेवर टेकली नाही. शालनच्या हातून पेज पाठवली. मी हाक मारली, तर दारात आली.

“इथं ये की.”

“हितनं दिसतंय.”

“नांदते का बघ तरी.”

“नगं बाई,” ती म्हणाली. “माझ्या हाताला आता गुण न्हाई. मी लावीन न् जे काही उरलंय ते बी जाईल.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी संमतीच्या कागदावर सही घ्यायला डॉक्टर मगदूम स्वतः आले. शालन जेवायला खोलीवर गेली होती, आई व्हरांड्यात होती. काचेतून तिची पाठ दिसत होती. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. मी सही केली. ते उठत होते तेव्हा मी विचारलं.

“डॉक्टर, आईनं डावी दिली असती तर हे टळलं असतं?”

“डावी आम्ही घेतलीच नसती.”

“म्हणजे?”

ते परत बसले. खिशातून पेन काढलं आणि संमतीच्या कागदाच्या पाठीमागे घेवड्याच्या दोन शेंगांसारखी चित्रं काढली. एकीला एक रेघ जोडली, दुसरीला दोन.

“तुमच्या आईच्या डाव्या किडनीला दोन धमन्या आहेत. एक ठीक, दुसरी अगदी दोऱ्यासारखी. दोन जोडायच्या म्हणजे धोका दुप्पट. उजवीला एकच, ठणठणीत. आमच्या बैठकीत आदल्याच आठवड्यात उजवी ठरली होती. मावशी म्हणाल्या तेव्हा माझ्या समोरच्या कागदावर लिहिलेलंच होतं.”

“मग तुम्ही ‘बरं’ का म्हणालात?”

“काय म्हणणार? त्या एवढ्या मनापासून देत होत्या. म्हटलं, त्यांच्या शब्दावर घेतली असं वाटू दे.” मग त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. “का हो? मनाला लावून घेतलंय का त्यांनी?”

“हो.”

“मग सांगा त्यांना. नाहीतर मी सांगू जाता जाता?”

“मी सांगते,” मी म्हणाले.

ते गेले. जाताना आईजवळ थांबून काहीतरी म्हणाले. धीराचं असणार, कारण आईनं हात जोडले. मग ती उठली आणि आत आली. खाटेपासून दोन हातांवर उभी राहिली. तिच्या ओठांवर नेहमी पानाची लाली असायची; कालपासून तिनं पान खाल्लं नव्हतं, ओठ पांढरे पडले होते. इतकी लहान बाई आहे ही, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “चुकलं माझं, रंजे.”

मी उशीवरून मान उचलली.

“तुझ्या बाबतीत माझं लई चुकलं.”

ती रडत नव्हती. रडली असती तर मी लगेच सांगून टाकलं असतं, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. ती नुसती उभी होती आणि बघत होती, माझ्याकडे, थेट. माझी आई, जी माझ्याशी बोलताना नेहमी हातात काहीतरी काम ठेवायची. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

सांगायचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं.

“राहू दे आता,” मी म्हणाले.

“राहू दे न्हाई. मी जन्मभर इसरणार न्हाई.”

“राहू दे, आई.”

तिनं मान हलवली आणि परत बाकावर जाऊन बसली. मी भिंतीकडे तोंड केलं. खाटेशेजारी डॉक्टरांनी सोडलेला चित्राचा कागद होता. तो घडी करून मी उशीखाली घातला.

*

सकाळी सात वाजता मला न्यायला आले. महादेव होता, त्यानं माझं कानातलं, मंगळसूत्र रुमालात बांधून घेतलं. शालन ढकलगाडीबरोबर चालत होती आणि एकसारखी बोलत होती.

“भ्यायचं न्हाई. मगदूमांचा हात चांगला हाय. परवा एका माणसाचं आख्खं…” तिला पुढचं सुचलं नाही. “आख्खं काहीतरी केलं त्यांनी. सिस्टर सांगत हुती.”

“आख्खं काय?”

“मला काय ठावं! आख्खं म्हणजे आख्खं. तू गप पड.”

आई लिफ्टपाशी उभी होती. गाडी तिच्यापुढून गेली. मी हात पुढं केला. तिनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. “जा,” म्हणाली, “उजेडात जा.” याचा अर्थ काय ते तिलाच माहीत. लिफ्टचं दार लागेपर्यंत मला वाटत होतं, अजून वेळ आहे. एक वाक्य, चार शब्द. दार लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा आधी आवाज आला, मग माणसं दिसली. डॉक्टर मगदूम कपाळावरची टोपी मागं सारून उभे होते.

“दोन बोटं धमनी जास्तीची निघाली,” ते म्हणाले. “कापली, जोडली. एकतीस मिनिटं रक्त बंद होतं, बर्फाच्या पाण्यात ठेवली होती तुमची किडनी. चिमटा सोडला आणि बघता बघता गुलाबी झाली. मी वीस वर्षं बघतोय, तरी दर वेळी बघत राहतो.”

खाटेच्या कडेला पिशवी लटकत होती. तीत थेंब पडत होते, मग थेंबांची धार झाली. दर तासाला सिस्टर मोजून पाटीवर आकडा लिहायची, आणि काचेपलीकडून शालन बोटांनी तो आकडा महादेवला खुणावायची, जसं काही निवडणुकीची मतमोजणी चालली होती. तिसऱ्या दिवशी रक्तदाब एकशे तीसवर आला. पायांची सूज उतरली, घोट्याची हाडं दिसायला लागली. मी वाचले. किडनीही वाचली.

आईनं काचेतून सगळं पाहिलं. आत आली नाही.

मला वाटलं, आता सगळं चांगलं झालं, आपोआप सुटेल. सांगायची गरजच पडणार नाही. खोलीवर परत आलो. दिवस जाऊ लागले. आई पेज करायची, पातेलं शालनच्या हातात द्यायची. माझी लुगडी धुवायची, पण दोरीवर शालनला घालायला लावायची. औषधाच्या गोळ्या तर ती बाटलीतूनही काढायची नाही. शालन सुरुवातीला चिडली, मग घाबरली. एकदा भांडी घासता घासता मला हळूच म्हणाली, “मी तोंडानं बोलले ते बोलले. तिनं एवढं धरून बसायचं व्हय? तू काहीतरी सांग की तिला.”

“काय सांगू?”

“तुझी चूक न्हाई म्हणून सांग. तुझं ऐकंल. तुझ्याकडं बघती ती आताशा.”

हेच तर होतं. ती माझ्याकडे बघत होती. दिवसभर, दारातून, उंबऱ्यावरून. मी कूस बदलली की तिची मान हलायची. मी पाणी मागितलं की शालनच्या आधी ती उठायची आणि मग आठवून थांबायची. इतक्या वर्षांची माझी भूक; मला ते रोज थोडं थोडं हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू. उशीखालचा कागद मी पेटीत कपड्यांखाली ठेवला होता.

ऑपरेशनला सतरा दिवस झाले, त्या दुपारी गावाकडून गुंडूअण्णा आले. आमच्या मळ्याशेजारचे शेतकरी, आईचे मानलेले दीर. हातात पानांची गड्डी, केळीच्या सोपात बांधलेली. मी आतल्या खोलीत पडले होते. मधे नुसता पडदा.

“काय वहिनी, लेक हिंडाय लागली म्हणं!”

“हिंडती. बसा अण्णा.”

“बसतो कुठला. सोमवारी लावण हाय. शेवरी खांद्याला आल्यात. वीस गुंठं नवं घालतोय. पैला येल तुमचा. गाडी घिऊन येतो सकाळचं, दुपारपातूर परत आणून सोडतो.”

सोप सुटल्याची सळसळ तेवढी ऐकू आली.

“वहिनी?”

“मी न्हाई येत, अण्णा.”

“टाकं दुखत्यात का? मग बसून लावा. न्हाई तर नुसता हात टेकवा, खड्डा आमी करतो.”

“टाकं न्हाई दुखत. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.”

“दुसऱ्या कुणाला?” गुंडूअण्णा हसले. “आवो, गावात उभा हाय तो एकेक मळा तुमच्या हातचा. आमच्या म्हातारीनं तुमच्याबिगर कांडी लावू दिली न्हवती. चेष्टा करताय व्हय?”

“चेष्टा न्हाई करत.” आईचा आवाज अगदी साधा होता, जसा भाजीचा भाव सांगताना असतो. “हाताला गुण न्हाई राहिला. पोटच्या पोरीला दिलं ते बी पिळा खाऊन बसलं. तुमच्या वीस गुंठ्याला कशाला माझा हात? मी आता कुणाच्याच येलाला हात लावणार न्हाई. हातरुणात पडल्या पडल्या लई इचार करून ठरिवलंय.”

गुंडूअण्णा म्हणाले, “मी सोमवारी गाडी आणतो. यायचं का न्हाई, तुम्ही बघा.” चपला घातल्याचा आवाज झाला. दार लागलं.

मी पडदा सरकवला. आई जमिनीवर बसली होती. पुढ्यात पानांची गड्डी, सोप सुटलेला, वरची पानं हिरवीगार, ओली. तिनं एक पान उचललं होतं. डाव्या हातानं. उजवा पदराखाली होता.

मी भिंतीला धरून तिच्याजवळ आले आणि खाली बसले. पोटातले टाके ओढले.

“खाली कशाला बसतीस! शालन, हिला उठव गं!”

“शालन बाजारात गेलीय.”

“मग मीच…” तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

“आई,” मी म्हणाले, “उजवी तू सांगितलीस म्हणून घेतली नव्हती त्यांनी.”

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. डाव्या किडनीला दोन धमन्या, एक दोऱ्यासारखी, डॉक्टरांची बैठक, आधीच लिहिलेला कागद, तुझं मन राखायला म्हणाले ‘बरं’. तू डावी म्हणाली असतीस तरी त्यांनी उजवीच घेतली असती.

आईनं हातातलं पान गड्डीवर ठेवलं.

“कुणी सांगितलं?”

“मगदूम डॉक्टरांनी.”

“आज आलते?”

“नाही.”

“मग कवा सांगितलं?”

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तू बाकावर होतीस.”

तिनं मनात दिवस मोजले. मला ते तिच्या ओठांवर दिसत होतं. पानं मोजतानाही तिचे ओठ असेच हलतात. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“एवढं दिस?” ती म्हणाली. “मी हात बांधून बसले हुते रंजे. तू बघत हुतीस. का गं?”

मी चुकवू शकले असते. विसरले म्हणाले असते, गुंगीत होते म्हणाले असते, आणि तिनं ते मानलंही असतं.

“तू ‘चुकलं माझं’ म्हणालीस ना, आई,” मी म्हणाले. “मला ते चिकोडीबद्दल ऐकायचं होतं.”